लोकमताचे कैवारी

सुधारणेला विरोध करणारा सनातनी स्वतःच्या नावाने क्वचितच बोलतो. तो ‘जनते’च्या नावाने बोलतो. हिंदू संहिता विधेयकाचा इतिहास याची साक्ष देतो. विवाह, घटस्फोट व वारसा यांत स्त्रीला न्याय्य हक्क देऊ पाहणाऱ्या या विधेयकावर हंगामी संसदेत आक्षेप घेतला गेला, की प्रौढ मतदानाने न निवडलेल्या सभागृहाला असा अधिकारच नाही. रस्त्यावर स्वामी करपात्रींसारख्यांनी धर्मरक्षणाची हाक दिली. सत्ताधारी पक्ष कचरला. विधेयक रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले.

पुढे सार्वत्रिक निवडणूक झाली. याच प्रश्नावर प्रभुदत्त ब्रह्मचारी पंडित नेहरूंविरुद्ध उभे राहिले आणि मोठ्या फरकाने पडले. मागितलेला कौल मिळाला. तरी विरोध शमला नाही. अखेर १९५५-५६ मध्ये त्याच संहितेचे तुकडे करून चार कायदे संमत झाले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हिस्सा देशभर मिळायला मात्र २००५ साल उजाडावे लागले.

ज्या जनतेच्या नावाने हा गदारोळ चालला, तिच्यात निम्म्या स्त्रिया होत्या, याचे भान त्या कैवाऱ्यांना नव्हते; मोर्चालाच लोकमत समजून माघार घेणाऱ्या राज्यकर्त्यांनाही ते राहिले नाही.