सही आहे म्हणून पोस्टर महाग घेऊ नका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या वस्तूंच्या धंद्याबद्दल बोललो. त्यातला एक मुद्दा मी घाईत उरकला, तो इथे नीट मांडतो. जुन्या सिनेमाच्या पोस्टरवर नट-नटीची सही असेल तर त्याची किंमत वाढते का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमचं भांडवल लाख-दीड लाखाच्या आत असेल, तर सहीसाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. पोस्टर चांगलं असेल तर पोस्टरच्या भावात घ्या. सही त्यावर फुकट आली तर आली.

आमच्या एका बॅचला नाशिकचा एक मुलगा होता. कुरिअरची नोकरी सोडलेली, साठवलेले ६० हजार हातात, आणि जुन्या पोस्टरांचं ऑनलाइन दुकान टाकायचं डोक्यात. कल्पना वाईट नव्हती. कॅफेवाले, इंटिरिअरवाले, परदेशात राहणारे आपले लोक असा माल खरंच घेतात. पण पहिल्याच खरेदीत त्याने २२ हजार एका पोस्टरवर लावले. 'हावडा ब्रिज', आणि कोपऱ्यात मधुबालाची सही. त्याच विक्रेत्याकडे बिनसहीचं तसंच पोस्टर ९ हजाराला होतं. म्हणजे पठ्ठ्याने १३ हजार नुसत्या शाईचे दिले.

वर्गात त्याने ते पोस्टर उलगडलं तेव्हा सगळे 'वा वा' म्हणाले. मी सही उजेडात तिरकी धरून बघितली. जेल पेनची चकचकीत शाई होती. 'हावडा ब्रिज' आला १९५८ साली. मधुबाला गेली १९६९ साली. आणि जेल पेन जपानमध्ये बाजारात आलं १९८४ साली. पुढचं मला बोलावं लागलं नाही, त्याचा चेहराच उतरला.

पण खरं नुकसान पुढे आहे, ते बघा. पोस्टर नकली नव्हतं. सिनेमा पुन्हा लागला तेव्हा छापलेलं, जुना कागद, घड्यांच्या खुणा, सगळं जागच्या जागी. कुणीतरी चांगल्या मालावर खोटी सही ठोकून तो माल बाद केला होता. शाई कागदात मुरलेली असते. पुसायला गेलात तर खालची छपाई निघते. कागदाचं संवर्धन करणारे जाणकार थोडंफार काही करू शकतात, पण त्यांची फी द्यायची म्हटली तर धंद्यात उरणार काय?

आता तुम्ही म्हणाल, खरी सही असती तर? तर तुमचं गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरवा. पोस्टर जमवणारा आणि सह्या जमवणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. पोस्टरवाला बघतो छपाई पहिल्या प्रदर्शनाची की नंतरची, चित्र कुणाचं, कागद फाटलाय का, रंग उडालाय का. आपल्याकडे तर चित्रकाराला मोठा मान आहे. 'दीवार'चं पोस्टर दिवाकर करकरे यांचं म्हणून लोक शोधत येतात. अशा माणसाला चित्रावर आडवी पडलेली मार्करची रेघ हा डागच वाटतो. सहीवाल्याला पोस्टरशी फार देणंघेणं नसतं, त्याला पुरावा हवा असतो. सही कधी झाली, कुठे झाली, कुणासमोर झाली. दोघांना एकाच वेळी खूश करणारा माल असतो, पण तो क्वचित मिळतो, आणि मिळाला तरी विकायला वर्ष-वर्ष लागतं. तोपर्यंत तुमच्या दुकानाचं भाडं कोण भरणार?

जगात पोस्टरला मोठ्या किमती आल्या त्या दुर्मिळपणामुळे. 'मेट्रोपोलिस' या १९२७ च्या जर्मन सिनेमाचं पोस्टर २००५ साली ६ लाख ९० हजार डॉलरला गेलं. त्या वेळच्या दराने साधारण तीन कोटी रुपये. ती किंमत कुठल्या नटाच्या सहीमुळे आली नाही. मोजक्याच प्रती उरल्यात म्हणून आली.

उलट बाजू पण सांगतो, नाहीतर अन्याय होईल. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या सिनेमांची पोस्टरं ढिगाने छापलेली असतात, कागदाला स्वतःची किंमत जवळजवळ नाही. तिथे सही हीच किंमत. तुम्ही स्वतः प्रमोशनला उभे राहून, सही होतानाचा फोटो काढून आणलेलं पोस्टर असेल तर जरूर विका. फक्त कलाकाराला तुमचं नाव लिहायला लावू नका. 'प्रिय संदीपला' लिहिलेलं पोस्टर दुसरा संदीप शोधून विकावं लागतं! आणि सही मोकळ्या फिकट जागेवर घ्या. काळ्या शर्टवर काळ्या पेनने घेतलेली सही दाखवायची कशी?

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर विक्रेत्याने स्वतः छापलेला चकचकीत कागद आणि होलोग्रामचं स्टिकर यांना मी रद्दीचा भाव देतो. अमेरिकेत पीएसए, जेएसए, बेकेट अशा सह्या तपासणाऱ्या कंपन्या आहेत. पण पोस्टर तिकडे पाठवणं, विमा, फी, हे ९ हजारांच्या मालाला झेपत नाही. आणि तिकडचा बाजार तरी कुठे साफ आहे? नव्वदच्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढली, तेव्हा खोट्या सह्यांचे कारखानेच सापडले. मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा निघाले त्यात. आता मदर तेरेसा बेसबॉलवर सह्या कशाला करत बसतील, हा प्रश्न घेणाऱ्यांना पडला नाही.

अजून एक गोष्ट, बऱ्याच नवख्यांची इथे गफलत होते. पोस्टरच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव असतं ते मूळ चित्राबरोबर छापून आलेलं असतं. भिंग लावा, छपाईचे ठिपके दिसतील. ते 'साइन्ड पोस्टर' म्हणून विकू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मालाचं खोटं वर्णन ही अनुचित व्यापार प्रथा आहे. 'मला माहीत नव्हतं' म्हटल्याने गिऱ्हाईक पैसे परत मागायचं थांबत नाही.

नाशिकच्या मुलाने मला विचारलं, "सर, न सांगता विकून टाकू का? कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, तुला जसं चार दिवसांत कळलं तसं त्यालाही कळेल, आणि त्याच्याकडे तुझा नंबर असेल. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग त्याने जाहिरात टाकली: 'जुनं पोस्टर, नंतरच्या प्रदर्शनाचं. उजव्या कोपऱ्यातली सही खोटी आहे, सहीचे पैसे घेतलेले नाहीत.' साडेपाच हजाराला गेलं. साडेसोळा हजाराचा फटका बसला. घेणारा पुण्यातला एक कॅफेवाला होता. फ्रेम करताना त्याने सहीचा कोपरा माउंटखाली झाकला आणि महिनाभराने याच मुलाकडून बिनसहीची आणखी तीन पोस्टरं मागवली.