चाळीस वर्षांपूर्वी काय काम करत होता?

दवाखान्यात भरती होताना जो कागद भरला जातो, त्यावर नाव, वय, गाव यांच्या आसपास ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. मागे रांग लागलेली, पंख्याची हवा खिडकीपर्यंत पोहोचत नाही, कारकुनाचा हात थांबत नाही. धोतर दिसले की ‘शेती’, पँट दिसली की ‘मजुरी’, बाई असेल तर ‘घरकाम’. साठीच्या पुढचा माणूस असला तर नुसती आडवी रेघ. अख्ख्या कागदावर कमीत कमी शाई याच रकान्याला लागते.

समजा, मूर्तिजापूरकडचा पासष्टीचा एक माणूस दम लागतो म्हणून अकोल्याला आला. पाय सुजलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, आडवे झोपता येत नाही. टू-डी इको काढला तर हृदयाभोवती पाणी. सुईने पाणी काढले. तपासणीत ठोस काही निघाले नाही. अशा वेळी वॉर्डात एकच वाक्य ऐकू येते: ‘एकेटी सुरू करा.’ म्हणजे क्षयाची औषधे. नातेवाईक गावी फोन करून सांगतात, हृदयाला पाणी झालं, टीबी निघाला, सहा महिने गोळ्या.

यात डॉक्टरांचे चुकले असे म्हणता येणार नाही. आपल्या देशात हृदयावरणात पाणी होण्यामागे क्षय हे मोठे कारण आहे आणि गोळ्यांनी बहुतेक रोगी सुधारतात. प्रश्न आहे तो न सुधारणाऱ्यांचा. पाणी काढावे, पुन्हा भरावे. आवरण जाड होत जाऊन हृदयाला शिकंजा बसावा. आणि क्षयाचा जंतू काही केल्या सापडू नये. अशांपैकी एखाद्याच्या आवरणात मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग असू शकतो.

हृदय एका दुपदरी पिशवीत बसलेले असते. दोन पदरांमध्ये काही चमचे द्रव असतो, वंगणासारखा. त्यामुळे रोजचे लाखभर ठोके घासाघाशीशिवाय पडतात. फुप्फुसांना आणि पोटातल्या आतड्यांनाही असेच अस्तर असते. या अस्तराच्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. तो बहुतेक वेळा फुप्फुसाच्या आवरणात होतो, त्याहून कमी वेळा पोटात. हृदयावरणात सुरू होणारे रोगी एकूण मेसोथेलिओमात शंभरात एकही भरत नाहीत. अनेकांचे निदान मृत्यूनंतर, शवविच्छेदनाच्या टेबलावर झालेले आहे. काढलेल्या पाण्यात कर्कपेशी दिसतीलच याची खात्री नसते. आवरणाचा तुकडा काढून त्यावर कॅलरेटिनिनसारख्या खुणा तपासाव्या लागतात. निदान झाले तरी पुढचे आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजावे लागते. शस्त्रक्रियेने आवरण काढणे आणि पेमेट्रेक्सेड-सिस्प्लॅटिनची केमोथेरपी, एवढीच मुख्य हत्यारे हाताशी आहेत.

या रोगाची आणि क्षयाची गल्लत ही काही वऱ्हाडची मक्तेदारी नव्हे. किंबहुना मेसोथेलिओमाचे गुपित फुटले तेच एका क्षय रुग्णालयातून. दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे डॉ. स्लेग्ज अशा रुग्णालयाचे प्रमुख होते. छातीत पाणी झालेले रोगी चारी दिशांनी येत आणि सगळ्यांना क्षयाचीच औषधे मिळत. पूर्वेकडून आलेले बरे होत, पश्चिमेकडून आलेल्यांपैकी काही होत नसत. औषध तेच, डॉक्टर तेच. मग दिशेने फरक का पडावा? पश्चिमेला निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. वॅग्नर, स्लेग्ज आणि मर्चंड या तिघांनी १९६० साली ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली आणि जगाला हा संबंध कळला. त्यातले कित्येक खाणीत कधी उतरलेही नव्हते. लहानपणी त्या भागात राहिले होते, एवढाच त्यांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध. ‘गाव’ या रकान्याने काम केले, ते असे.

ॲस्बेस्टॉस हा मुळात दगड, पण कापसासारखा पिंजता येणारा. कापसाच्या मुलखाला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की याचा तंतू डोळ्यांना दिसत नाही, जळत नाही, कुजत नाही आणि शरीरात शिरला की सहसा बाहेर निघत नाही. तंतू शिरल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षे जातात. तोवर गिरणी बंद पडलेली असते, मुकादम वारलेला असतो आणि रोग्याला स्वतःलाही ते काम आठवत नाही.

मग वऱ्हाडात हा तंतू होता कुठे? वाफेवर चालणाऱ्या जगात तो सगळीकडेच होता. बॉयलर, वाफेचे नळ, इंजिने यांची उष्णता धरून ठेवायला त्याचे लेप आणि दोऱ्या सर्रास वापरत. इथल्याच शकुंतला रेल्वेचे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. आज तिच्या आठवणी काढून माणसे हळवी होतात. शेडमध्ये इंजिनांचे बॉयलर उघडणाऱ्या फिटरांची आठवण सहसा कोणी काढत नाही. अकोला, बडनेरा, अचलपूरच्या कापड गिरण्यांना बॉयलरखाने होते. पारसच्या वीज केंद्रात आज अडीचशे मेगावॅटचे दोन संच चालतात, पण त्यांच्या आधीचे जुने संच त्याच काळातले, जेव्हा वीज केंद्रांतले नळ ॲस्बेस्टॉसने गुंडाळण्याची जगभर रीत होती.

महामार्गावरच्या गॅरेजात अजून एक दृश्य दिसते. मेकॅनिक ट्रकचे चाक काढतो, ड्रम उघडतो आणि जुन्या लायनरवर कंप्रेसरची हवा मारतो. काळी धूळ उडते. बाजूला पाना धरून उभ्या असलेल्या पोराच्या केसांत, पापण्यांवर बसते. ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस घालण्याची पद्धत अनेक दशके होती. फुंकण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटे जास्त लागतात.

आणि मग डोक्यावरचे छप्पर. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपलीकडे गेला तेव्हा अकोल्यात उन्हासाठी कलम १४४ लावावे लागले. अशा मुलखात टिनाखाली माणूस भाजून निघतो, म्हणून ज्याला परवडले त्याने सिमेंटचे पत्रे टाकले. या जुन्या पत्र्यांत साधारण आठ-दहा टक्के पांढरे ॲस्बेस्टॉस असते. धड पत्रा शांतपणे पडून असेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो कापताना, भोक पाडताना, वादळात फुटल्यावर तुकडे झाडताना आणि तेच तुकडे गोठ्यात भर म्हणून टाकून त्यावरून बैल चालवताना.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि ॲस्बेस्टॉस यांचे नाते जितके पक्के आहे, तितके हृदयावरणाच्या बाबतीत नाही. रोगीच इतके थोडे, की हिशेब जुळवणे अवघड. काहींच्या आयुष्यात ॲस्बेस्टॉस सापडतच नाही, काहींना पूर्वी छातीवर किरणोपचार झालेले असतात. म्हणून ‘पत्र्याखाली राहिला म्हणजे हृदयाचा कॅन्सर’ असला व्हॉट्सॲप संदेश कोणी पुढे ढकलू नये. पण विचारलेच नाही, तर संबंध आहे की नाही हे कळणार तरी कसे?

विचारले की काय निघते, ते मुंबईने दाखवले आहे. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतले कामगार तपासले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाचातल्या किमान एकाला ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे तंतूंनी फुप्फुस कडक होण्याचा विकार, निघाला.

सरकारी धोरणाबद्दल मात्र चांगले बोलणे कठीण आहे. ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणे भारताने १९८६ मध्येच थांबवले. मात्र रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून लाखो टन माल येतच राहिला. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आपल्या देशात ॲस्बेस्टॉसला बंदी केली, तरी तिथली खाण निर्यातीसाठी चालू राहिली. स्वतःच्या ताटात नको, शेजाऱ्याला वाढा, असा हा प्रकार. आणि ताट पुढे करणारे आपण.

इटलीच्या रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तू काय काम करतोस? वऱ्हाडात हा प्रश्न भूतकाळात विचारावा लागेल. आज शेती करणारा कधीकाळी गिरणीत, शेडमध्ये, मुंबई-सुरतेच्या कारखान्यात होता का? नवरा घरी आला की त्याचे धुळीचे कपडे कोण झटकत होते? क्षयाच्या गोळ्यांना दाद न देणारे पाणी दिसले, की हा प्रश्न विचारून आवरणाचा तुकडा तपासणीला धाडायला डॉक्टरांनी उशीर करू नये.

घरच्यांनाही एक करता येईल. वडिलांचा जुना गेटपास, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद रद्दीत देऊ नका. एक्स-रेच्या पिशवीतच ठेवा. ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा कामगारांना भरपाई देणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालानुसार ॲस्बेस्टॉस कारखान्याने प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपायची आहे. निकालाच्या वर्षी कामाला लागलेल्या माणसाची नोंद निदान २०३५ पर्यंत कारखान्यात असलीच पाहिजे. ती मागून घ्या.