परंपरा पिंपातून आली, दरबारातून नव्हे

१/ व्हिस्कीचा चिकित्सक आस्वाद ही स्कॉटिश उमरावांची शतकानुशतकांची परंपरा, असे सांगितले जाते. हा समज इतिहासाने नव्हे, जाहिरातींनी घडवला आहे.

२/ १९७० च्या दशकात बाजारात मिश्र व्हिस्कीचेच राज्य होते. एडिंबराच्या पिप हिल्स यांनी मित्रांबरोबर वर्गणी काढून ग्लेनफार्क्लसचे एक लाकडी पीप विकत घेतले आणि त्यातली व्हिस्की पाणी न मिसळता वाटून घेतली.

३/ याच मित्रमंडळातून १९८३ मध्ये ‘स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी’ उभी राहिली. तिच्या बाटल्यांवर डिस्टिलरीचे नाव नसे, केवळ क्रमांक. निवाडा जिभेवर सोपवलेला.

४/ २००४ मध्ये ग्लेनमोरांजी कंपनीने ही सोसायटी विकत घेतली. वर्गणीतून जन्मलेल्या छंदाला ‘प्राचीन वारसा’ म्हणणे हा त्या मित्रांवर अन्याय होय. परंपरेचे वय विचारावे; ती कोण विकते, हेही विचारावे.