कडक नियम की कच्च्या तारखा?

पर्यावरणाचे कडक नियम म्हणजे उद्योगांच्या पायांतील बेडी, आणि ती अडकवून घेणारे राष्ट्र जगाच्या बाजारपेठेत मागे पडणार, असा युक्तिवाद आपल्याकडे वारंवार ऐकू येतो. त्याची पारख करण्यास दूर जावयास नको. आपल्याच देशातील दोन नियमांचा इतिहास पुरेसा आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील गंधक-वायूवर मर्यादा घालून दोन वर्षांची मुदत दिली. पुढच्याच महिन्यात, वाहनांसाठी ‘भारत स्टेज पाच’ ही पायरी वगळून एप्रिल २०२० पासून एकदम सहावी पायरी गाठण्याचे ठरले. ‘हे अशक्य आहे’ ही ओरड दोन्हींकडे सारखीच होती.

पहिल्या नियमाची मुदत वाढली, पुनःपुन्हा वाढली, आणि अखेर जुलै २०२५ मध्ये तीन-चतुर्थांशाहून अधिक संचांना गंधक-शोषक यंत्रणेतून सूटच मिळाली. दुसऱ्याबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तारीख पक्की केली. ती टळत नाही हे उमगताच तेलशुद्धीकरण कारखान्यांनी यंत्रे बदलली, पुणे-चाकणच्या वाहनउद्योगाने इंजिने बदलली. गाड्या महागल्या, काही छोट्या डिझेल मोटारी बाजारातून गेल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु उद्योग बुडाला नाही. उलट युरोपच्या मानकाच्या पंक्तीस जाऊन बसला.

हे नवलही नव्हे. १९७० च्या अमेरिकन कायद्याविरुद्ध तेथील बड्या मोटार कंपन्या मुदतवाढ मागत असता जपानच्या होंडाने नवे इंजिन तयार करून तो निकष पुरा करून दाखविला. जपानी मोटारींच्या पुढील यशास तेलटंचाईचाही हातभार लागला, हे खरे. पण तयारी ज्याची होती, संधी त्यालाच साधली.

भारतीय कोळशात गंधक कमी, आणि यंत्रणेचा खर्च वीजदरावर पडेल, हा सरकारपक्षाचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. परंतु कोळसा २०१५ सालीही हाच होता! मग ज्यांनी आज्ञा मानून यंत्रणा उभारली त्यांनी खर्च सोसावा आणि ज्यांनी चालढकल केली त्यांना सवलत मिळावी, हा कोणता न्याय? यातून उद्योजक एवढाच धडा घेईल की, पैसा यंत्रात घालण्यापेक्षा दिल्लीच्या खेपांत घालणे फायद्याचे.

युरोपीय संघाने जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आदींवर त्यांच्या निर्मितीतील कर्ब-उत्सर्गाचा आकार लागू केला आहे. आपल्या सरकारची सूट त्या दारी चालणार नाही.

कोल्हापूरच्या लहान ओतशाळेला कर्ज आणि तंत्र यांचे साहाय्य अवश्य द्यावे. परंतु जो नियम पाळवून घ्यावयाचा नाही तो करूच नये, आणि केला तर त्याची तारीख हलवू नये. राष्ट्राची स्पर्धाशक्ती नियमाच्या कडकपणाने खचत नाही, सरकारच्या धरसोडीने खचते, असे आमचे स्पष्ट मत आहे.