जा, खेळ!

दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब खापरला जातो. अक्कलकुवा तालुक्यातले हे माझे गाव. इथे पाऊल टाकले, की माझे प्राध्यापकपण आपोआप गळून पडते. यंदा मात्र ते चिवड्याच्या ताटापर्यंत माझ्याबरोबर आले. कारण निघण्यापूर्वीच चिरंजीवांशी तंटा झाला होता. शाळेच्या हॉकी संघात त्याची निवड झाली होती आणि "आधी दहावी, मग दांडकी!" असा निकाल देऊन मी मोकळा झालो होतो.

पाडव्याच्या सकाळी मागच्या रानात पाहतो, तो हा पठ्ठ्या गावच्या पोरांत! हातांत बोरीच्या वाकड्या फांद्या, चेंडू चिंध्यांचा, आणि धूळ अशी की कोण कुठला ते ओळखू येऊ नये. त्या धुळीने मला खडकीची आठवण करून दिली.

वाचकहो, धनराज पिल्ले याच धुळीतून वर आला. 1968 साली खडकीत जन्मलेला हा मुलगा ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला. वडील तिथल्या मैदानाची निगा राखीत. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन तो भावांबरोबर खेळे. डोळ्यांसमोर आदर्श महंमद शाहिदचा. पुढे थोरल्या भावामागून तो मुंबईला गेला आणि 1989 मध्ये भारताकडून खेळू लागला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा! 1994 च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात भारताचा तो एकटाच होता.

सगळेच गोड झाले असे नाही. 1998 मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्याचे बक्षीस काय, तर पुढच्या मालिकेत तो संघाबाहेर! अधिकृत कारण 'विश्रांती'. लोक म्हणत, मानधनाबद्दल तोंड उघडल्याची ती शिक्षा. तो परतला, 2003 चा आशिया चषक त्याच्याच नेतृत्वाखाली आला. पण चार ऑलिंपिक खेळूनही गळ्यात एकही पदक पडले नाही.

ओटीवर बसून हे सारे मी आईला रंगवून सांगितले. खरे म्हणजे सांगत होतो चिरंजीवांना ऐकू जावे म्हणून. खेळात भाकरीचा भरवसा नसतो, एवढेच मला सिद्ध करायचे होते. बोलता बोलता सांगून गेलो, की घरात एवढी ओढाताण असूनही धनराजच्या आईने पाचही मुलांना हॉकी खेळायला प्रोत्साहन दिले.

आई करंजीला मुरड घालीत होती. तिचा हात थांबला.

"पाचही?"

"हो."

"आणि घरात पैसा नव्हता म्हणतोस?"

"नव्हता."

"तुला तर महिन्याच्या महिन्याला पगार येतो. आणि मुलगा एकच ना रे?"

वर्गात साठ मुलांना गप्प करणारा मी, चार बुकेही न शिकलेल्या आईपुढे गप्प झालो. दाराआडून सौ.च्या बांगड्या किणकिणल्या. त्या हसल्यासारख्या का वाटल्या, हे मी विचारले नाही.

एवढ्यात चिरंजीव धुळीने माखून पाणी प्यायला आले. माझ्याकडे न बघताच परत निघाले.

"सुटी संपली की तुझ्या सरांना सांग," मी म्हणालो, "येतो म्हणून. पण दहावीचे पुस्तकही..."

पुढचे वाक्य ऐकायला तो होताच कुठे!