आधी मर्यादा, मग रूपांतर

हॅश जॉइन सुरू होण्याआधी डेटाबेसला एक छोटा हिशेब करावा लागतो : हॅश टेबलमध्ये बकेट्स किती ठेवायच्या? प्लॅनरने बांधलेला ओळींचा अंदाज घ्यायचा, मेमरीची मर्यादा पाहायची आणि आकडा दोनच्या घातापर्यंत वर न्यायचा. कोड मोजक्या ओळींचा, म्हणून रिव्ह्यूमध्ये त्यावरून नजर सहज पुढे सरकते. ती तिथे थांबायला हवी.

ओळींचा अंदाज ‘डबल’मध्ये असतो, तो कितीही फुगू शकतो. बकेट्सची संख्या मात्र बहुधा 32 बिटांच्या ‘इंट’मध्ये ठेवतात आणि त्याची कमाल 2,14,74,83,647. अंदाज 300 कोटींचा आला आणि तो तसाच इंटमध्ये घातला, तर काय होईल हे सी भाषा सांगतच नाही. एक्स86 वर सहसा मोठी ऋण संख्या हाती येते. पुढच्याच ओळीत ‘किमान 1024 बकेट्स’ असा नियम असला, की त्या ऋण संख्येचे 1024 होतात. क्रॅश नाही, लॉगमध्ये नोंद नाही. एकेका बकेटमागे सरासरी 29 लाख ओळींची साखळी तयार होते आणि आपण इंडेक्स तपासत बसतो.

पोस्टग्रेसमधला हा कोड या दृष्टीने मुद्दाम वाचावा. तिथे संख्या डबलमध्ये असतानाच मर्यादेत आणली जाते आणि मगच तिचा इंट होतो. ती मर्यादाही आधी दोनच्या घातापर्यंत खाली आणलेली असते, म्हणजे नंतर बकेट्सचा आकडा वर नेताना ती ओलांडली जात नाही. मेमरीत न मावणारा डेटा ज्या तुकड्यांत विभागतात, त्या बॅचेस दुप्पट करण्यापूर्वी त्यांची सध्याची संख्या इंटच्या कमाल मूल्याच्या निम्म्याहून जास्त आहे का, हे पाहिले जाते. असेल तर दुप्पट करणेच टाळले जाते.

इंटच्या जागी 64 बिटांचा प्रकार घातला की काम झाले, हा समज सोडायला हवा. पोस्टग्रेसमध्ये साध्या ॲलोकेशनची कमाल 1 जीबीला एक बाइट कमी आहे. प्रत्येक बकेटमागे 8 बाइटांचा एक पॉइंटर धरला तर 6,71,08,864 बकेट्स चालतात. त्याच्या दुपटीला बरोबर 1 जीबी लागतो, म्हणजे एका बाइटने जास्त. प्रत्येक बॅचमागे 8 केबीचे दोन बफर धरून इंटमध्ये गुणाकार केला, तर 1,31,072 बॅचेसना तो फुटतो. प्रत्येक गुणाकाराची मर्यादा वेगळी आहे आणि ती वेगळीच तपासावी लागते.

तपासणी गुणाकाराच्या आधी, भागाकाराने करा. चिन्हांकित ओव्हरफ्लो होऊन गेल्यावर केलेली तपासणी कंपायलर काढून टाकू शकतो. जीसीसी आणि क्लँगमध्ये यासाठी बिल्ट-इन फंक्शने आहेत. सी23 मानकातही ही सोय आली आहे. चाचणीसाठी 300 कोटी ओळी भरण्याची गरज नाही. आकार ठरवणारे फंक्शन वेगळे काढा आणि त्याला मर्यादेचा आकडा, त्याहून एक कमी आणि एक जास्त, असे तीन आकडे द्या.

आमचा आग्रह एवढाच : पुढच्या रिव्ह्यूमध्ये प्रत्येक गुणाकारापाशी ‘याची कमाल किती?’ असे विचारा आणि उत्तर कोडमध्येच लिहून ठेवा. आज लाखांत असलेले टेबल उद्या अब्जांत जाईल, तेव्हा ते सांभाळणाऱ्या माणसाला हे उत्तर तिथेच सापडले पाहिजे.