कायदा गेला, रस्त्याचे काय?

डिसेंबर २०१७मध्ये संसदेने १३१ कालबाह्य कायदे एकाच विधेयकाने मोडीत काढले. त्यांत १८७६चा नाट्यप्रयोग कायदाही होता. एवढ्या लांब यादीत असे नाव सहज हरवते. नीळ पिकवणाऱ्या रयतेची दैना मांडणारे दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ १८७२मध्ये कलकत्त्याच्या रंगभूमीवर आले होते. त्यानंतर चारच वर्षांनी, सरकारला न रुचणारे प्रयोग बंद पाडण्यासाठी ब्रिटिशांनी हा कायदा केला.

तो गेला हे बरेच झाले. मात्र कामगारांच्या रंगभूमीला खरे भय त्याचे होते काय? लखनौत ‘इप्टा’ने केलेल्या प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’च्या प्रयोगावरून खटला झाला, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६मध्येच तो घटनाबाह्य ठरवला होता. म्हणजे उत्तर प्रदेशात तो केव्हाच निष्प्राण होता. त्याच राज्यात, दिल्लीलगतच्या साहिबाबादमधील झंडापूर येथे, १ जानेवारी १९८९ रोजी जन नाट्य मंचाच्या ‘हल्ला बोल’वर जमाव चालून आला. नाटक कामगारांच्या नोव्हेंबर १९८८मधील संपाचे आणि किमान वेतनाच्या मागणीचे. प्रसंग नगरपालिका निवडणुकीचा. राम बहादूर हा कामगार गोळीला बळी पडला, सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले. ४ जानेवारीला मोलयश्री हाश्मी आणि सहकाऱ्यांनी त्याच जागी अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. गाझियाबादच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले ते २००३च्या नोव्हेंबरात. त्यांत काँग्रेसच्या पाठिंब्यावर ती निवडणूक लढवणारा उमेदवारही होता.

पथनाट्याला भिंती नसतात, दारावर तिकीट नसते. त्याची सुरक्षितता सर्वस्वी ठाण्यातील अधिकाऱ्याच्या हाती असते. आणि अधिकाऱ्याला, हे मान्य केले पाहिजे, जमाव अडवण्यापेक्षा प्रयोग थांबवणे सोपे जाते. मार्च १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात नेमकी हीच पळवाट बंद केली: निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, तिचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. परवानगीच्या अर्जावर शेरा मारताना हा निकाल किती जणांना आठवतो?

महाराष्ट्राने या बाबतीत दिल्लीला बोल लावू नये. तेथे संहिता प्रयोगापूर्वी सरकारी परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवण्याचा नियम केंद्रीय कायदा रद्द झाल्याने संपला नाही. अमोल पालेकर यांनी २०१६मध्येच त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते.